मियू मिनी प्लस: कार्ड बदललं आणि अर्ध्या गेम्स रुसल्या, मदत हवी

पेरूची_फोड :
मंडळी, दादाने न्यू जर्सीहून येताना मियू मिनी प्लस आणलं माझ्यासाठी. तेच ते साडेतीन इंची स्क्रीनवालं, जुन्या व्हिडिओ गेम्स खेळायचं हातात मावणारं यंत्र. सोबत आलेलं कार्ड एका महिन्यात गचकलं म्हणून नवीन १२८ जीबीचं कार्ड घेतलं, त्यावर ओनियन (या यंत्रासाठी लोकांनी बनवलेली सिस्टिम) टाकलं, आणि दादाकडच्या जुन्या हार्ड डिस्कवरून गेम्स कॉपी केल्या. घरी मॅक आहे. आता परिस्थिती अशी:

गेमबॉयच्या गेम्स झक्कास चालतात. पण लिस्टमध्ये प्रत्येक गेम दोनदा दिसते, एका नावाच्या आधी डॉट आणि अंडरस्कोर, ती उघडली की काहीच होत नाही.

प्लेस्टेशन १ ची मेटल गिअर सॉलिड लावली की स्क्रीन काळी होते आणि दोन सेकंदात परत लिस्टवर. दादाने त्याच्या ओरिजिनल सीडीवरून २००३ च्या आसपास रिप (म्हणजे कॉम्प्युटरवर कॉपी) केलेली आहे, दोन डिस्क, बिन आणि क्यू अशा फायली. बायॉस (प्लेस्टेशनचं स्वतःचं सुरू व्हायचं सॉफ्टवेअर) टाकलाय.

व्हिडिओ गेम पार्लरमधला मुस्तफा अजिबात सुरू होत नाही. (हो, तोच मुस्तफा. नवऱ्याचा जीव त्यात अडकलाय.)

आणि शेवटचं, हसू नका, मारिओ लहानपणीपेक्षा जोरात पळतो असं वाटतंय. माझं वय झालंय की यंत्रात काही बिघाड आहे?

बटणतोड्या :
वय झालंय. पुढचा प्रश्न?

कासवछाप :
हहपुवा. ताई, यंत्र ठणठणीत आहे, गेमबॉय चालतंय म्हणजे कार्ड, बटणं, ओनियन सगळं जागेवर. सगळ्या भानगडी फायलींच्या आहेत आणि प्रत्येकीची वेगळी, त्यामुळे "परत फॉरमॅट मारून बघा" छाप सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. डबल नावांचं सोपं आहे, ती मॅकची कृपा. फॅट३२ कार्डवर मॅक फायलीची जास्तीची माहिती वेगळ्या फायलीत ठेवतो, तिच्या नावाआधी डॉट-अंडरस्कोर लावतो. मॅकमध्ये ती लपलेली असते, मियूला ती गेम वाटते. टर्मिनलमध्ये डॉट_क्लीन नावाची कमांड आहे, पुढे वजा एम लावायचं आणि कार्डाचं नाव द्यायचं, सगळा कचरा जातो. मग कार्ड इजेक्ट करून काढायचं, नुसतं खेचायचं नाही. नंतर गेमच्या लिस्टमध्ये सिलेक्ट दाबून रिफ्रेश.

टेंभुर्णीकर :
एवढा खटाटोप करण्यापेक्षा दहा हजार गेम्स भरलेलं कार्ड मिळतं की ऑनलाईन. लावलं की सुरू. मी तेच केलंय, दोन वर्षं झाली.

लिंबू_सरबत :
@टेंभुर्णीकर, दहा हजारांपैकी खेळल्या किती? माझ्याकडे होतं तसलं कार्ड. सहा हजार जपानी माहजोंग आणि एकच मारिओ चाळीस वेळा. आणि तसली कार्डं बहुतेक बिननावाची स्वस्तातली असतात, धागाकर्तीचं महिन्यात गेलं ते उगाच नाही.

टेंभुर्णीकर :
माहजोंग वाईट नाहीये हो तसा.

तिसरी_घंटा :
पेरू, प्लेस्टेशनसाठी एक सांग. काळी स्क्रीन होऊन लगेच लिस्टवर परत येतं, की काळीच राहते, की सोनीचा लोगो येऊन मग अडकते? या तिन्हीत फरक आहे. लगेच परत आलं तर बहुतेक वेळा इम्युलेटरला (जुन्या यंत्राची नक्कल करून गेम चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) फाइलच सापडत नसते. काळीच राहिली तर बायॉसवर संशय. लोगो येऊन पुढे अडकलं तर डिस्कची कॉपीच कुठेतरी खराब किंवा अर्धवट.

पेरूची_फोड :
धन्स सगळ्यांना. डबल नावं गेली!! @तिसरी_घंटा, लगेच परत येतं. लोगो वगैरे काही नाही.

उगाचच :
मग क्यू फाइल डिलीट करा आणि बिन थेट चालवा. मी असंच करतो.

तिसरी_घंटा :
@उगाचच, एकच ट्रॅक असलेली गेम असेल तर चालून जातं. पण बऱ्याच प्लेस्टेशन गेम्समध्ये डेटा एका ट्रॅकवर आणि गाणी पुढच्या ऑडिओ ट्रॅकवर असायची, अगदी गाण्याच्या सीडीसारखी. क्यू नसेल तर इम्युलेटरला ते ट्रॅक कुठे सुरू होतात तेच कळत नाही, गेम चालते आणि संगीत गायब.

उगाचच :
अच्छा!! म्हणून माझ्या रेसिंगच्या गेममध्ये नुसता इंजिनाचा आवाज येतो होय. मला वाटायचं गेमच तशी आहे, रिअॅलिस्टिक.

बटणतोड्या :
फुटलो.

तिसरी_घंटा :
तर पेरू, क्यू फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघड. ती म्हणजे पत्ता लिहिलेली चिठ्ठी आहे फक्त, खरा माल बिनमध्ये. पहिल्या ओळीत फाइल, मग अवतरणचिन्हात बिनचं नाव, मग बायनरी असं लिहिलेलं असतं. त्या अवतरणातलं नाव आणि फोल्डरमधल्या बिनचं नाव तंतोतंत एक हवं. काय लिहिलंय ते इथे टाक.

पेरूची_फोड :
उघडली. आणि आता मी दादाला फोन करणार आहे.

फाइल "डी:\कॉलेज\सी_लँग्वेज\असाइनमेंट\एमजीएस_डिस्क१.बिन" बायनरी

म्हणजे बाबा जेव्हा विचारायचे की रात्री दोन वाजता काय चाललंय आणि हा सांगायचा सी लँग्वेजची असाइनमेंट...

अवांतर_आबा :
तांत्रिकदृष्ट्या खोटं बोलत नव्हता हो तो. असाइनमेंटमध्येच होता.

कासवछाप :
हाहाहा, बावीस वर्षांनी पुरावा सापडला. पेरूताई, दादांना सांभाळून घ्या, त्यांनीच यंत्र आणलंय.

तिसरी_घंटा :
बघ, मिळालं. काही जुनी रिपिंगची सॉफ्टवेअरं क्यूमध्ये पूर्ण पत्ता लिहून ठेवायची. आता मियूवर डी ड्राईव्ह कुठून येणार. अवतरणातलं सगळं काढून नुसतं बिनचं नाव ठेव, दोन्ही डिस्कच्या क्यूमध्ये. खालच्या ट्रॅक आणि इंडेक्सच्या ओळींना हात लावू नकोस. आणि एक, मॅकचं टेक्स्टएडिट अवतरणचिन्हं कधी कधी आपोआप नक्षीदार करतं, ती सरळ आहेत ना बघ, नाहीतर परत तेच.

पेरूची_फोड :
चाललीईईई!! लोगो आला, तो डुंगगग आवाज आला, अंगावर काटा.
दादा म्हणतो "मला काही आठवत नाही".

नागपुरी_तर्री :
थांबा थांबा, खरी गंमत पुढे आहे. दोन डिस्कची गेम आहे ना. डिस्क १ संपली की दुसरी मागते, तेव्हा लोक बाहेर येतात, लिस्टमधून डिस्क २ लावतात आणि मग सेव्हच सापडत नाही म्हणून बोंबलतात. कारण तिथला इम्युलेटर मेमरी कार्ड गेमच्या फायलीच्या नावाने बनवतो. डिस्क १ चं कार्ड वेगळं, डिस्क २ चं वेगळं. त्यामुळे आत्ताच एम३यू फाइल बनवून घ्या. टेक्स्ट फाइलच ती, एका ओळीत पहिल्या क्यूचं नाव, दुसऱ्या ओळीत दुसऱ्याचं. नंतर कायम तीच उघडायची, मग दोन्ही डिस्कना कार्ड एकच. डिस्क बदलायची वेळ आली की मेन्यू आणि सिलेक्ट एकत्र दाबून रेट्रोआर्च (सगळे इम्युलेटर ज्यात चालतात तो प्रोग्रॅम) उघडायचं, तिथे डिस्क कंट्रोलमध्ये इजेक्ट, पुढची डिस्क, इन्सर्ट.
विंडोजवाल्यांनो, तुमचं नोटपॅड शेवटी गुपचूप डॉट टीएक्सटी चिकटवतं आणि एक्स्प्लोरर ते लपवतो. फाइल एम३यू दिसते पण नसते. आधी एक्स्टेन्शन दाखवायचा पर्याय चालू करा.

पेरूची_फोड :
पण मी ऑलरेडी तासभर खेळलेय डिस्क १ वर :(

नागपुरी_तर्री :
काही नाही जात. सेव्हजच्या फोल्डरमध्ये डिस्क १ च्या नावाची एसआरएम फाइल (तेच मेमरी कार्ड) असेल, तिची एक कॉपी काढून तिला एम३यूचं नाव द्या. मात्र गेममध्ये जाऊन रेडिओवरून रीतसर सेव्ह केलेलं असायला हवं. नुसती सेव्ह स्टेट (इम्युलेटरने त्या क्षणी गोठवलेली गेम) असेल तर तीही त्याच नावाने बांधलेली असते, आणि तिच्यावर फार भरवसा ठेवू नये, इम्युलेटर अपडेट झाला की जुनी स्टेट उघडेलच असं नाही. लांबलचक गेम असेल तर गेममधलंच सेव्ह वापरायचं.

लिंबू_सरबत :
यापेक्षा सीएचडी करा. एमएएमई या आर्केड इम्युलेटरसोबत सीएचडीमॅन नावाचं टूल येतं, त्याला क्यू दिली की बिन-क्यू मिळून एकच फाइल बनते, आकारही कमी होतो आणि डेटा एक बाइटही जात नाही. चिठ्ठीपत्त्याची कटकटच संपली. दोन डिस्क असतील तर एम३यू तरी पण लागतेच, तिच्यात सीएचडीची नावं लिहायची.

कासवछाप :
सीएचडीच्या बाजूने मी पण, पण मूळ बिन-क्यू पीसीवर ठेवा राव. लोक कन्व्हर्ट करतात, चालवून न बघता मूळ उडवतात.

चष्मिष :
बायॉसचं कोणी बोललंच नाही. सोनीचा बायॉस कॉपीराईटखाली आहे, इम्युलेटरसोबत येत नाही, स्वतःच्या प्लेस्टेशनमधून काढायचा असतो. नावं ठरलेली: अमेरिकन गेम्सना एससीपीएच५५०१, जपानी ५५००, युरोपियन ५५०२, सगळी लहान अक्षरात, बायॉसच्या फोल्डरमध्ये, आत दुसरा फोल्डर करून नाही. फाइल बरोबर ५१२ केबीची असते, कमीजास्त दिसली तर गडबड. नसेल तर इम्युलेटर स्वतःचा नकली बायॉस वापरतो, त्यावर बऱ्याच गेम्स चालतात पण काही मेमरी कार्डाशी नाटकं करतात.

टेंभुर्णीकर :
माझ्या कार्डात बायॉस आलेलाच होता.

चष्मिष :
तेच तर म्हणतोय ना, तो कोणी कोणाला विचारून घातला होता? 

टेंभुर्णीकर :
आमच्या गल्लीतल्या मारिओच्या कॅसेटी पण कोणी कोणाला विचारून बनवल्या नव्हत्या. तेव्हा कुठे गेला होता तुमचा कॉपीराईट.

संपादक मंडळ :
कृपया गेम्स किंवा बायॉसच्या डाउनलोड लिंका इथे देऊ नका, मागूही नका. दोन प्रतिसाद काढले आहेत. चर्चा चालू द्या.

बटणतोड्या :
मुस्तफा कुठवर आला? माझा जीव टांगणीला. शाळेशेजारी पार्लर होतं, एक रुपयाचं कॉइन, आणि मी कायम तो पिवळ्या टोपीवाला घ्यायचो.

पेरूची_फोड :
मुस्तफा अजून झोपलाय. फाइल आर्केडच्या फोल्डरमध्ये आहे, मुस्तफा.झिप.

कासवछाप :
हे नाव कोणी दिलं?

पेरूची_फोड :
नवऱ्याने. "लिस्टमध्ये पटकन सापडावं म्हणून".

कासवछाप :
दाजींना सांगा, आर्केडमध्ये नाव बदलायचं नाही. गेमबॉयच्या फाइलला काहीही नाव द्या, चालते. आर्केडची गेम म्हणजे एक फाइल नसते, बोर्डावरच्या एकेका चिपची वेगळी फाइल त्या झिपमध्ये असते, आणि इम्युलेटर झिपच्या नावावरूनच ओळखतो की कुठला बोर्ड. मुस्तफाचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉमची १९९३ ची गेम, तिची झिप डिनो नावाचीच हवी. लिस्टमध्ये ओनियन आपणच पूर्ण नाव दाखवतं. झिप उघडून आतल्या फायली बाहेर काढायच्या नाहीत, हेही आलंच.

चष्मिष :
शिवाय फायलींचा संच कुठल्या आवृत्तीचा आहे ते बघा. एमएएमईमध्ये वर्षानुवर्षं चिप नीट वाचून फायली बदलत गेल्या. एमएएमई २००३ प्लसला मुळात ०.७८ च्या काळातला संच लागतो, एफबीनिओ या दुसऱ्या आर्केड इम्युलेटरला ताजा. एकाचा दुसऱ्यात घातला तर कधी चालतं, कधी नाही, आणि एरर कळेल अशी येत नाही. नाव बदलूनही नाही चाललं तर दुसऱ्या कोअरवर (म्हणजे रेट्रोआर्चमधल्या दुसऱ्या इम्युलेटरवर) बघा. किंग ऑफ फायटर्स, मेटल स्लग वगैरे निओ जिओवाल्या गेम्सना वरून निओजिओ.झिप पण लागतं, ते त्या मशीनचं बायॉस.

पेरूची_फोड :
डिनो केलं. एका कोअरवर नाही, दुसऱ्यावर चाललं!! यंत्र आता माझ्या हातात नाहीये, आतल्या खोलीतून मारामारीचे आवाज येतायत.

अवांतर_आबा :
अभिनंदन. आता तुम्हाला दुसरं मियू घ्यावं लागणार.

मोठी_काकी :
मी वाचनमात्र असते पण मारिओचा प्रश्न कोणी घेतलाच नाही म्हणून लिहिते. मलाही माझ्या मुलाने घेऊन दिलेल्या यंत्रावर तसंच वाटलं होतं आणि तो मला हसला. खरंच जोरात पळतो का?

झंप्या_इंजिनिअर :
काकू, हसू द्या त्याला, तुमचं बरोबर आहे. खरंच जोरात पळतो.

आपल्याकडे नव्वदीत जे टीव्ही गेम मिळायचे, लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात तपकीर गल्लीत, ती बहुतेक निन्तेन्दोच्या फॅमिकॉमची नक्कल. जपान अमेरिकेत टीव्हीचं चित्र सेकंदाला ६० वेळा रंगायचं, आपल्याकडे पाल पद्धत, म्हणजे ५० वेळा. मारिओसारखी गेम प्रत्येक चित्रामागे एक पाऊल पुढे सरकते. त्यामुळे आपल्या नकली यंत्रांवर तीच गेम सहाव्या हिश्श्याने हळू चालायची. जपानी पोराला जे एका मिनिटात व्हायचं त्याला आपल्याला ७२ सेकंद लागायचे. आणि गंमत म्हणजे त्या नकली यंत्रांच्या प्रोसेसरचा वेग जपानी यंत्राच्या जवळपास तेवढाच ठेवलेला, म्हणून गाण्याची पट्टी बदलायची नाही, फक्त लय संथ. म्हणून आपल्याला कधी संशयच आला नाही. मियू तीच गेम ६० वर चालवतं.

पाहिजे तर लहानपणीचा वेग मिळतो. मारिओ चालू असताना मेन्यू आणि सिलेक्ट, मग कोअर ऑप्शन्स, तिथे रीजनमध्ये ऑटो, एनटीएससी (जपान-अमेरिकेची ६० वाली), पाल आणि डेंडी असे पर्याय दिसतील. डेंडी ही रशियात विकली गेलेली तसलीच फॅमिकॉमची नक्कल, आपल्याकडची पण त्याच जातीची. डेंडी निवडा, गेम रीस्टार्ट करा.

मोठी_काकी :
डेंडी केलं. अगदी तस्संच!! मुलगा आता गप्प आहे.

लिंबू_सरबत :
मला हे पटत नाही हां पण. गेम बनवणाऱ्याने ६० वर बनवली, ६० वरच खेळावी. आपल्याला चुकीचा वेग मिळाला म्हणून तोच जपत बसायचा?

झंप्या_इंजिनिअर :
तुम्ही खेळा की ६० वर. मी दोन्हीवर खेळतो. पण ज्या उडीची बोटांना सवय आहे ती ५० वर बरोबर बसते, ६० वर मी पहिल्याच खड्ड्यात.

बटणतोड्या :
मला आज चाळिशीत पहिल्यांदा कळलं की मी वाईट खेळाडू नाही, अमेरिकेतली पोरं फक्त जास्त वेगात मरत होती.

नागपुरी_तर्री :
वेगावरून आठवलं, आमच्या मित्राकडे चिप बसवलेलं प्लेस्टेशन होतं, अमेरिकन गेम लावली की टीव्हीवर ब्लॅक अँड व्हाईट दिसायची कारण टीव्हीला एनटीएससीचे रंग कळायचे नाहीत. आम्ही अख्खी एक गेम कृष्णधवल संपवली, आणि त्यात लाल आणि हिरव्या तारांपैकी एक निवडायची होती.

तिसरी_घंटा :
आईगं.
पेरू, मेटल गिअरमध्ये तुला दोन ठिकाणी अडायला होईल म्हणून आत्ताच सांगून ठेवते. एका ठिकाणी गेम म्हणते की मेरिलची रेडिओ फ्रिक्वेन्सी सीडीच्या कव्हरच्या मागे बघ. खरोखरच्या कव्हरच्या मागे छापलेली होती. आपल्याकडे कव्हर कोणाकडे होतं, प्लास्टिकच्या पिशवीतून सीडी मिळायची, आमच्या बिल्डिंगमधली पोरं तिथे महिनाभर अडकली होती. १४०.१५ आहे.

दुसरं सायको मँटिस हा खलनायक. तो तुझ्या मनातलं ओळखतो म्हणून एकही गोळी लागत नाही. तोडगा असा की कंट्रोलर काढून दुसऱ्या पोर्टात लावायचा. मियूला कुठलं आलंय दुसरं पोर्ट. तर रेट्रोआर्चच्या कंट्रोल्समध्ये पोर्ट १ मध्ये जा, मॅप्ड पोर्ट २ कर, त्याला हरव, परत १ कर. तेही नको असेल तर दोनचार वेळा मर, कर्नल रेडिओवर पुतळे फोडायला सांगतो, तोही रस्ता आहे.

पेरूची_फोड :
दादाकडे ओरिजिनल कव्हर आहे म्हणतो. पण तो आता मला काहीच सांगत नाहीये, असाइनमेंटवरून रुसलाय. १४०.१५ लिहून घेतलं.

उगाचच :
धागा हायजॅक करतो, सॉरी. माझी पोकेमॉन एमराल्ड सेव्ह करताना म्हणते "वन एम सब सर्किट बोर्ड इज नॉट इन्स्टॉल्ड". हा बोर्ड कुठे मिळतो? तपकीर गल्लीत असेल का?

झंप्या_इंजिनिअर :
जाऊ नका हो, गल्लीवाला विकेल पण काहीतरी. बोर्ड वगैरे नाही लागत. त्या कार्ट्रिजमध्ये १२८ केबीची फ्लॅश मेमरी होती, तुमचा इम्युलेटर ६४ केबीची समजतोय. एमजीबीए कोअरवर लावून बघा. तरीही तेच आलं तर सेव्हची एसआरएम फाइल बाजूला काढून ठेवा, चुकीच्या आकाराची बनली असेल, नवीन बनू द्या.

उगाचच :
झालं. पण सगळे पोकेमॉन गेले.

अवांतर_आबा :
जुनी एसआरएम बाजूला काढून ठेवली होती का?

उगाचच :
"बाजूला" म्हणजे?

टेंभुर्णीकर :
माझ्या कार्डात एमराल्ड आहे. अकरा वेळा आहे.